जुन्या मदरबोर्डवर नवी एसएसडी आणि नव्या बोर्डवर जुनी आयडीई डिस्क : कोणती जोडणी चालते, कोणती अडते?

ग्रंथसेवक_उदगीर

सर्वांना नमस्कार. उदगीर तालुक्यातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचे कामकाज मी पाहतो. आमच्याकडील संगणक एकाच वेळी घेतलेले नाहीत. अनुदान आणि देणग्या जशा मिळत गेल्या तसे ते येत गेले, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पिढीचा एखादा संगणक आमच्या खोलीत आहे. वाचकांसाठी ठेवलेल्या संगणकांत इंटेलच्या जी३१ चिपसेटचे (बोर्डावरील सहाय्यक चिपांच्या संचाचे) मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. कार्यालयातील संगणकाचा बोर्ड एच६१ चिपसेटचा आहे. याशिवाय एक जुना पेंटियम ४ असून त्यात आयडीई या जुन्या पद्धतीच्या, रुंद पट्टीच्या केबलने जोडलेली ४० जीबीची हार्ड डिस्क आहे. ग्रंथालयाची पहिली संगणकीय ग्रंथसूची आणि जुन्या सभासदांच्या नोंदी त्या एकाच डिस्कवर आहेत.

वाचकांचे संगणक सुरू होण्यास इतका वेळ लागतो, की स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले अर्ज भरण्यासाठी पैसे मोजून बाहेरच्या कॅफेत जातात. ही गोष्ट आम्हाला खटकते. म्हणून एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) बसवण्याचा विचार केला आणि लातूरच्या एका दुकानात चौकशी केली. आताच्या सर्व एसएसडी ‘साटा ३’ (साटा म्हणजे ड्राइव्ह बोर्डाला जोडण्याची पद्धत, ३ ही तिची पिढी) आहेत, तुमचे बोर्ड ‘साटा २’ आहेत, त्यामुळे त्या चालणार नाहीत आणि चालल्याच तर निम्म्या वेगाने चालतील, म्हणजे निम्मे पैसे वाया जातील, तेव्हा सगळे संगणकच बदला, असे तेथे सांगण्यात आले. दुसऱ्या दुकानदाराचे म्हणणे असे, की साटाचे दिवस संपले, एम.२ ड्राइव्ह घ्या, जुन्या बोर्डावर ती बसवण्यासाठी कार्ड मिळते.

आमच्या संग्रहातील निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदपत्रांचे स्कॅनिंगही सुरू आहे. त्या चित्रांसाठी ४ टीबीची हार्ड डिस्क घ्यावयाची आहे. ती या संगणकांना ओळखता येईल का, आणि पेंटियममधील जुन्या डिस्कवरील माहिती सुखरूप बाहेर कशी काढावी, हेही विचारावयाचे आहे. पैसा संस्थेचा, म्हणजे लोकांचा आहे. म्हणून खरेदीपूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

दुरुस्ती_परभणी

नमस्कार सर. पहिल्या दुकानदाराचे अर्धे विधान चुकीचे आहे आणि उरलेले अर्धे खरे असूनही दिशाभूल करणारे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

साटाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली आणि तिचा वेग सेकंदाला १.५ गिगाबिट होता. दुसरी, ३ गिगाबिटची पिढी २००४ मध्ये आणि तिसरी, ६ गिगाबिटची पिढी २००९ मध्ये आली. या तिन्ही पिढ्यांमध्ये माहितीची ७ टाचण्यांची (पिनांची) आणि विजेची १५ टाचण्यांची जोडणी जाणीवपूर्वक तशीच ठेवण्यात आली. संगणक सुरू होताच बोर्डावरील नियंत्रक आणि ड्राइव्ह ठराविक संकेतांची देवाणघेवाण करून एकमेकांचा वेग अजमावतात आणि दोघांनाही झेपणाऱ्या सर्वांत मोठ्या वेगावर स्थिरावतात. त्यामुळे साटा ३ ची एसएसडी तुमच्या जी३१ बोर्डावर लावली की ती ३ गिगाबिटवर चालेल. त्यासाठी वापरणाऱ्याला कोणतीही मांडणी बदलावी लागत नाही आणि ‘साटा ३ ची केबल’ म्हणून वेगळी केबलही विकत घ्यावी लागत नाही.

आता निम्म्या वेगाविषयी. साटामध्ये दर ८ बिट माहितीसाठी तारेवरून १० बिट पाठवले जातात, म्हणून ३ गिगाबिटचे सेकंदाला ३०० मेगाबाइट आणि ६ गिगाबिटचे ६०० मेगाबाइट होतात. प्रत्यक्षात चांगली एसएसडी पहिल्या ठिकाणी २६० ते २८०, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे ५५० मेगाबाइट देते. कागदावर हा फरक निम्म्याचा आहे हे खरेच. परंतु हा आकडा एक मोठी फाइल सलग वाचतानाचा असतो, आणि संगणक सुरू होताना किंवा ब्राउझर उघडताना होणारे काम फार निराळे असते. तेव्हा डिस्कवर ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान लहान तुकड्यांची मागणी होत असते.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे हवा असलेला भाग वाचनाग्राखाली येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंद जातात, आणि ते अग्र योग्य पट्ट्यावर सरकवण्यास साधारण ९ मिलिसेकंद लागतात ते वेगळेच. एकूण हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला ७५ ते १०० तुकडेच शोधून देऊ शकते. बोअरला पाणी एक इंच असेल तर तीन इंची पाइप टाकून शेताला जास्त पाणी मिळत नाही, तसे या जुन्या डिस्कांचे आहे. साटा २ चा पाइप त्यांनी कधी भरलाच नव्हता. साधी एसएसडी मात्र असेच ४ किलोबाइटचे तुकडे सेकंदाला हजारोंनी देते. दहा हजार धरले तरी ते ४० मेगाबाइटच होतात, म्हणजे ३०० ची मर्यादा या कामात आड येतच नाही. तुमच्या मुलांना जाणवणारा विलंब तुकडे शोधण्याचा आहे आणि तो साटा २ वरही जवळजवळ पूर्ण नाहीसा होईल. माझ्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या जी३१ आणि जी४१ बोर्डांवर मी नेहमी साटा ३ च्याच एसएसडी लावतो, कारण बाजारात नव्या म्हणून त्याच मिळतात, आणि वेग जुळला नाही म्हणून एकही परत आलेली नाही.

जी३१ बोर्डांवर सहसा आयसीएच७ हा नियंत्रक असतो. त्याच्या साध्या आवृत्तीत एएचसीआय (साटा ड्राइव्हशी बोलण्याची नवी पद्धत) नसल्यामुळे ड्राइव्ह आयडीई पद्धतीनेच चालते आणि अनेक मागण्या एकदम रांगेत लावण्याची सोय मिळत नाही. एका माणसाने एका वेळी वापरायच्या संगणकावर त्याने काही अडत नाही. तुमच्या एच६१ बोर्डामध्ये एएचसीआय आहे, तेव्हा तेथे ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकण्यापूर्वी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरील आज्ञावलीत) ते निवडावे. आधी टाकलेल्या विंडोजवर नंतर ही मांडणी बदलली तर निळा पडदा येऊन संगणक सुरू होत नाही. हा प्रकार फार ठिकाणी घडतो आणि दोष मात्र नव्या ड्राइव्हला दिला जातो.

आणखी एक काळजी. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज एक्सपीच्या काळातील विभागणी असेल तर ती जशीच्या तशी एसएसडीवर उतरवू नका. एक्सपी पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करीत असे आणि तो आजच्या ४ किलोबाइटच्या रचनेशी जुळत नाही; प्रत्येक लिखाणात दोन खणांना हात लावावा लागतो. व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोज हा विभाग १ मेगाबाइटपासून सुरू करतात. म्हणून सिस्टीम नव्याने टाकणेच उत्तम.

तंत्रनिकेतन_नांदेड

वरील उत्तर योग्य आहे. त्यात फक्त एक अपवाद जोडतो, कारण तुमच्या खोलीतच तो असण्याची शक्यता आहे.

मागील पिढीशी जुळवून घेणे हे मानकात लिहिलेले असले तरी ते प्रत्यक्षात उतरवणारी चिप निर्दोष असावी लागते. पेंटियम ४ च्या काळातील अनेक स्वस्त बोर्डांवर व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिप होत्या. त्यांतील साटा नियंत्रक १.५ गिगाबिटचा होता. समोरच्या ड्राइव्हने ३ गिगाबिटचा प्रस्ताव मांडला, की खालच्या वेगावर तडजोड करणे या चिपला जमत नसे आणि ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतच नसे. म्हणूनच त्या काळच्या हार्ड डिस्कांवर एक लहान जम्पर (दोन टाचण्या जोडणारी टोपी) असे. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कांवर तो ५ आणि ६ क्रमांकाच्या टाचण्यांवर लावला, की डिस्क आपणहून १.५ गिगाबिटवर उतरत असे. आजच्या एसएसडीवर असा जम्पर सहसा नसतो. त्यामुळे तुमच्या पेंटियमच्या बोर्डावर साटाची जागा दिसली तरी चिपवरचा क्रमांक वाचल्याशिवाय त्यासाठी काही खरेदी करू नका. माझे मत विचाराल तर त्या संगणकासाठी काहीच खरेदी करू नका. त्यातील माहिती तेवढी बाहेर काढा.

ती काढण्याचा मार्ग तुमच्याच खोलीत आहे. इंटेलने आयसीएच८ पासून, म्हणजे २००६ पासून, आपल्या डेस्कटॉप नियंत्रकांतून आयडीई काढून टाकले. परंतु जी३१ हा चिपसेट २००७ चा असूनही त्याच्यासोबत स्वस्त असा जुना आयसीएच७ वापरला गेला, आणि त्यात एक आयडीई वाहिनी शिल्लक होती. तुमच्या जी३१ बोर्डावर ४० टाचण्यांची लांबट जागा आहे का पाहा. असेल तर जुनी डिस्क तेथे थेट जोडता येईल. एच६१ चिपसेटमध्ये ही सोय मुळात नाही, म्हणून कार्यालयीन संगणकावर हा उपाय चालणार नाही.

जोडताना केबलकडे लक्ष द्या. आयडीईच्या जोडणीत टाचण्या कायम ४० च राहिल्या. मात्र सेकंदाला ६६ मेगाबाइटच्या वेगापासून पुढे तारा ८० झाल्या. वाढलेल्या ४० तारा केवळ जमिनीला जोडलेल्या असतात आणि शेजारच्या तारेचा संकेत दुसऱ्या तारेत मिसळू देत नाहीत. जुनी ४० तारांची केबल लावली तरी डिस्क चालते, पण बोर्ड ते ओळखतो आणि वेग ३३ वर ठेवतो. जुन्या आणि नव्यामध्ये तडजोड कशी घडवावी याचे हे फार देखणे उदाहरण आहे. साटा येण्याच्या आधीच्या अभियंत्यांनी ते केवळ तारांची संख्या बदलून साधले. ८० तारांच्या केबलचे निळे टोक बोर्डाकडे, काळे मुख्य डिस्कला आणि मधले करडे दुय्यम डिस्कला असते. डिस्कवरील जम्पर ‘मास्टर’वर ठेवा आणि दुसरे काहीही त्या वाहिनीवर ठेवू नका.

१३७ जीबीची जुनी मर्यादा तुम्हाला आड येणार नाही, कारण तुमची डिस्क ४० जीबीची आहे. ज्यांच्याकडे त्याहून मोठ्या आयडीई डिस्क असतील त्यांच्यासाठी सांगतो : आधीच्या पद्धतीत पत्त्यासाठी २८ बिट होते आणि ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणल्यास तेवढीच जागा मोजता येते. ४८ बिटांचे पत्ते आल्यावर ती अडचण संपली, पण एक्सपीमध्ये त्यासाठी किमान पहिला सर्व्हिस पॅक लागतो. अशी मोठी डिस्क जुन्या बायोसच्या संगणकावर लावून तिच्यावर काही लिहिले, तर सुरुवातीचीच माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. तेव्हा अनोळखी जुनी डिस्क आधी वाचावी, लिहू नये.

ग्रंथसेवक_उदगीर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पेंटियम उघडून पाहिले. बोर्डावरील मोठ्या चिपवर व्हीटी८२३७आर असेच लिहिलेले आहे, त्यामुळे त्याच्यासाठी खरेदीचा विचार सोडला. जी३१ च्या बोर्डांवर आयडीईची जागा आहे. जुन्या सूचीच्या फाइली डीबीएफ या जुन्या डेटाबेस प्रकारच्या आहेत आणि त्यातील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. एम.२ आणि ४ टीबीच्या डिस्कविषयी कोणी मार्गदर्शन करील का? दुसऱ्या दुकानदाराने कार्डासह दिलेली किंमत साटा एसएसडीच्या जवळपास आहे, त्यामुळे आमच्या कार्यकारिणीतील काही सदस्यांचा कल तिकडे आहे.

कळफलक_औरंगाबाद

प्रथम फॉन्टविषयी, कारण ती गोष्ट हमखास राहून जाते. डीबीएफ फाइल कोणत्याही संगणकावर उतरेल आणि उघडेलही, परंतु ज्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप झाला तो नसेल तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतील. म्हणून फाइलींबरोबरच त्या डिस्कवरील विंडोजच्या फोल्डरमधील सर्व फॉन्टही उतरवून घ्या आणि मग सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करा. डिस्क जोडता आली, फाइलही मिळाली, आणि तरी नोंद वाचता आली नाही, असे आपल्याकडील अनेक कार्यालयांत झाले आहे.

आता एम.२. कार्यकारिणीच्या बैठकीत एवढे स्पष्ट सांगा, की एम.२ हे पट्टीच्या आकाराचे आणि जोडणीच्या जागेचे नाव आहे. त्या पट्टीवरची ड्राइव्ह साटाची भाषा बोलते की एनव्हीएमईची (एसएसडीसाठीच्या नव्या पद्धतीची), हे त्या नावावरून कळत नाही. दोन खाचा असलेली पट्टी बहुधा साटाची असते आणि एकच खाच असलेली एनव्हीएमईची, पण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई ड्राइव्हही निघाल्या आहेत. तेव्हा वेष्टनावरील मजकूर वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

दुकानदार जे कार्ड म्हणतो ते पीसीआय एक्सप्रेसच्या (जादा कार्डे लावण्याच्या) खाचेत बसते. पीसीआय एक्सप्रेसही साटाप्रमाणेच मागील पिढीशी जुळवून घेते. नवी ड्राइव्ह जुन्या खाचेत कमी वेगाने चालते. प्रश्न असा, की किती कमी? जी३१ बोर्डावरील लहान खाच पहिल्या पिढीची आणि एका मार्गिकेची असते. तिची कमाल मर्यादा सेकंदाला २५० मेगाबाइट, म्हणजे त्याच बोर्डावरील साटाच्या ३०० पेक्षाही कमी आहे. म्हणजे अधिक वेगवान म्हणून घेतलेली ड्राइव्ह तुमच्या बोर्डावर साध्या साटा एसएसडीपेक्षा हळू चालेल. मोठी खाच ग्राफिक्स कार्डासाठी असते आणि तेथे वेग अधिक मिळू शकेल, पण मग पुढची अडचण येते.

ती अडचण बायोसची. एनव्हीएमईचे पहिले मानक २०११ चे आहे आणि तुमचे जी३१ बोर्ड त्याच्या आधीचे आहेत. या ड्राइव्हशी कसे बोलावे हे त्या बायोसला ठाऊकच नाही. साटाच्या बाबतीत प्रत्येक नव्या पिढीने जुनी आज्ञावली पुढे चालवली, म्हणून २०२५ मधील साटा एसएसडी २००७ च्या बायोसला नेहमीची डिस्क वाटते. एनव्हीएमईने ती आज्ञावली बाजूला ठेवून नवी लिहिली, आणि फ्लॅश स्मृतीची ताकद पुरेपूर वापरण्यासाठी ते आवश्यकही होते. पण त्यामुळे जुन्या बायोसशी असलेले नाते तुटले. विंडोज १० किंवा लिनक्स एकदा सुरू झाल्यावर अशी ड्राइव्ह त्यांना दिसेल आणि त्यावर फाइली ठेवता येतील, परंतु संगणक तिच्यावरून सुरू होणार नाही. आपला सगळा खटाटोप संगणक लवकर सुरू व्हावा यासाठीच आहे! एम.२ च्या साटा पट्टीला २.५ इंची खोका चढवून ती साटा केबलने जोडली तर मात्र ती अगदी नेहमीच्या साटा एसएसडीसारखी चालेल. तो मार्ग चुकीचा नाही, फक्त त्यात वेगळा लाभही नाही.

४ टीबीच्या डिस्कविषयी. जुन्या एमबीआर विभागणीत पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे २.२ टीबीच्या पुढे मोजताच येत नाही. त्यासाठी जीपीटी विभागणी करावी लागते. जुन्या बायोसचा संगणक अशा डिस्कवरून विंडोज सुरू करू शकत नाही, परंतु सिस्टीम एसएसडीवर आणि ही डिस्क फक्त साठवणीसाठी असेल तर विंडोज ७ आणि त्यापुढील कोणत्याही आवृत्तीत ती नीट चालते. ३२ बिटांच्या एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही, हे लक्षात असू द्या. माझा सल्ला असा, की ही डिस्क एच६१ च्या संगणकात आतून साटा केबलने लावा. जुन्या संगणकांच्या यूएसबी २ मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपास मिळतात. त्या वेगाने ४ टीबी भरायची म्हटले तर सव्वा दिवसाहून अधिक काळ अखंड वीज लागेल, आणि आपल्या भागात उन्हाळ्यात तेवढी खात्री कोण देणार?

बाहेरच्या खोक्यात घालूनच वापरायची असेल तर आणखी एक दक्षता घ्या. काही जुन्या खोक्यांतील जोडचिप २ टीबीच्या पुढे पाहू शकत नाहीत, आणि काही चिप डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४,०९६ बाइटचे असल्याचे भासवून ती मर्यादा ओलांडतात. दुसऱ्या प्रकारच्या खोक्यात भरलेली डिस्क पुढे काढून थेट बोर्डाला जोडली, की ती कोरी असल्यासारखी दिसते. माहिती तिच्यावर असतेच, फक्त मोजपट्टी बदललेली असते. अशा वेळी ‘फॉरमॅट करायचे का?’ या प्रश्नाला कोणी ‘हो’ म्हणू नये. मोडी कागदांची चित्रे एकाच डिस्कवर ठेवू नयेत, हे तुम्ही जाणताच.

मुक्तस्रोत_लातूर

चर्चा जोडणीपुरती बरोबर आहे, पण मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे. ड्राइव्ह बोर्डाशी जुळते, पण त्यावर टाकायची सिस्टीम जुळते का? विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते, आणि तिच्या २४एच२ आवृत्तीला ज्या प्रोसेसर आज्ञा लागतात त्या कोअर २ ड्युओमध्ये नाहीतच, त्यामुळे तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. मुले ज्या संगणकावर शासकीय अर्ज भरतात आणि पैसे भरतात तो असुरक्षित सिस्टीमवर ठेवणे मला पटत नाही. म्हणून जी३१ च्या संगणकांवर हलकी लिनक्स टाकावी, असे मी सुचवतो. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझर, मराठी टंकलेखन आणि पीडीएफ ही कामे व्यवस्थित होतात, आणि युनिकोड मराठीसाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

काही जण म्हणतील, की इतक्या जुन्या बोर्डावर पैसा घालूच नये. मी ते मानत नाही, आणि त्याचे कारण याच चर्चेत आले आहे. साटा एसएसडी दोन्ही दिशांनी चालते. आज ती जी३१ वर ३ गिगाबिटने चालेल; उद्या अनुदान आले आणि नवा संगणक घेतला तर, त्याच्या बोर्डावर साटाचे पोर्ट आहेत एवढे पाहून घेतल्यास, तीच ड्राइव्ह तेथे ६ गिगाबिटने चालेल. बोर्ड गेला तरी ड्राइव्हवरचा पैसा राहतो. जी३१ साठी आता जादा रॅम किंवा प्रोसेसर घेतला तर तो मात्र त्या बोर्डाबरोबरच संपेल, तेव्हा त्यावर काही खर्च करू नका.

विजेच्या जोडणीविषयी कोणी लिहिले नाही. जुन्या एसएमपीएसमध्ये (वीजपुरवठ्याच्या डब्यात) साटाची वीजजोडणी कमी पडली तर चार टाचण्यांच्या जोडणीवरून साटा करणारी लहान केबल मिळते. ती घेताना ओतीव प्लास्टिकची घेऊ नका. आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकल्याने ती जळण्याचे प्रकार घडले आहेत. तारा वरून दाबून बसवलेली जोडणी असलेली केबल घ्यावी. आणि स्वस्त मिळते म्हणून सर्व्हरमधून काढलेली मोठी हार्ड डिस्क घेण्याचा मोह झाला तर थांबा. २०१६ च्या साटा ३.३ पासून वीजजोडणीतील तिसऱ्या टाचणीला डिस्क बंद ठेवण्याचे नवे काम दिले गेले. जुने एसएमपीएस त्या टाचणीवर ३.३ व्होल्ट सतत देत असतात, त्यामुळे अशी डिस्क फिरायलाच लागत नाही आणि लोक तिला बिघडलेली समजून परत करतात. जुनी जोडणी तशीच ठेवून एका टाचणीचा अर्थ बदलणे हा निर्णय माझ्या मते चुकीचा होता. घरगुती वापराच्या डिस्कांत ही सोय सहसा नसते, म्हणून बहुतेकांना त्याची झळ लागली नाही, इतकेच.

ग्रंथसेवक_उदगीर

सर्वांच्या मार्गदर्शनानुसार काम केले आणि ते येथे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. पेंटियममधील डिस्क जी३१ बोर्डाच्या आयडीई वाहिनीवर जोडली, ती लगेच ओळखली गेली आणि सूचीच्या फाइली व फॉन्ट दोन निराळ्या ठिकाणी उतरवून घेतले. वाचकांच्या संगणकांवर साटा एसएसडी बसवून लिनक्स टाकले आहे. मुले आता तेथेच बसून अर्ज भरतात. कार्यालयीन संगणकावर विंडोज १० ची एसएसडी आणि ४ टीबीची डिस्क लावली. विंडोज बदलण्याचा निर्णय कार्यकारिणीपुढे ठेवला आहे.

एक शंका उरली आहे. कार्यालयीन संगणकावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची स्थिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवले असता हस्तांतरणाच्या ओळीत ‘साटा/३०० | साटा/६००’ असे दिसते. याचा अर्थ (ड्राइव्हला ६०० जमते, पण बोर्डामुळे ती ३०० वर चालते) आता समजला आहे. परंतु ४ टीबीच्या डिस्कच्या माहितीत ‘सीआरसी एरर काउंट’ या ओळीपुढे शून्य नसून काही आकडा आहे आणि स्कॅनिंगची मोठी फाइल उतरवताना तो वाढला. डिस्क नवी आहे. ती परत करावी का?

दुरुस्ती_परभणी

लगेच परत करू नका सर. ती नोंद सी७, म्हणजे दशमान पद्धतीत १९९ क्रमांकाची आहे. बोर्ड आणि डिस्क यांच्यामध्ये तारेवरून जाताना जी माहिती बिघडली आणि पुन्हा पाठवावी लागली, तिची ती मोजणी असते. डिस्कच्या आतील पृष्ठभागाशी तिचा संबंध नसतो. बहुतेक वेळा केबल सैल असते, फार मुडपलेली असते किंवा तिच्या टोकाशी धूळ बसलेली असते. जुन्या संगणकातील केबल नव्या डिस्कला लावली असल्यास हे अधिक संभवते. धातूची पकड असलेली नवी साटा केबल घ्या, एक मीटरपेक्षा लांब घेऊ नका आणि शक्य असल्यास बोर्डावरील दुसऱ्या पोर्टला लावा.

हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावरही तो तेथेच दिसेल. आजचा आकडा लिहून ठेवा आणि स्कॅन केलेल्या फाइलींचे एक मोठे फोल्डर उतरवून पुन्हा पाहा. वाढला नाही तर डिस्क चांगली आहे. नवी केबल आणि दुसरे पोर्ट दोन्ही करूनही तो वाढत राहिला तर मात्र हमीच्या मुदतीत डिस्क बदलून घ्या, आणि तोपर्यंत मोडी कागदांची एकमेव प्रत तिच्यावर राहू देऊ नका.